आईने सोडलेली गाठ

धक्क्यावर जागा नव्हती, म्हणून पार्टी करायला आलेल्या पोरांनी न विचारता आपली भाड्याची होडी आमच्या होडीला बांधली. बुटांनिशी आमच्याच डेकवरून ये-जा सुरू केली आणि वर स्पीकर लावला.

केमोनंतर आईला दोन दिवस खाडीवर शांत पडून राहायचं होतं. मी सांगायला गेलो, तर एकजण म्हणाला, "काका, मग म्हातारीला घरी ठेवायचं ना!"

आईने ऐकलं. ओहोटी लागताच ती उठली आणि केमोने काळ्या पडलेल्या नखांनी त्यांच्या दोराची गाठ सोडली.

नाचता नाचताच ते वाहत जाऊन समोरच्या चिखलात रुतले. "काका, दोर टाका!"

मी दोर उचलला.

"ठेव खाली," आई म्हणाली. "भरती आली की निघतील मेले. मला बांगडा तळून दे."

कित्येक महिन्यांनी तिला भूक लागली होती.