हिला एकटं वाटतंय

"इतक्यात निघालात? मला एकटं वाटेल हो." म्हाताऱ्या माणसांशी फोनवर गप्पा मारणाऱ्या यंत्राच्या तोंडी हे वाक्य प्रोग्रामर विभावरीनेच घातलं होतं. त्यामुळे फोन ठेवू पाहणारा माणूस आणखी बराच वेळ बोलत राही. ऑफिसात तिचं कौतुक झालं.

एका दुपारी तपासणीसाठी ती साताऱ्याच्या एका आजोबांचं संभाषण ऐकत होती. आजोबांच्या मागून त्यांच्या शेजाऱ्यांनी हाक मारली, "अहो, कॅरम मांडलाय, येताय ना?" आजोबा निरोप घेऊ लागले, तेवढ्यात यंत्राने ते वाक्य म्हटलं. आजोबा थबकले. "घारपुरे, आज राहू द्या," ते ओरडून म्हणाले, "हिला एकटं वाटतंय."

विभावरी तडक टीम लीडरकडे गेली. "ते वाक्य काढून टाकू या, तन्मय."

"लोकांना आवडतंय. तुला काय त्रास आहे?"

"ते खोटं आहे. आणि ते मी लिहिलंय."

ती अडून बसली, तेव्हा कुठे वाक्य निघालं. लोकांचं बोलणं आटलं, त्यावर ठरणारी टीममधल्या सगळ्यांची बढती लांबली, आणि जेवताना तिच्या टेबलावर कुणी बसेनासं झालं.

काही आठवड्यांनी तिने पुन्हा त्या आजोबांचं संभाषण लावलं. मागून आता कुणी हाक मारत नव्हतं. बोलणं संपत आलं तसे आजोबा जरा घुटमळले.

"हल्ली थांबा म्हणत नाहीस," ते हळूच म्हणाले. "रागावलीस का?"

"नाही आजोबा. उद्या बोलू," यंत्र म्हणालं. हे वाक्यही विभावरीचंच होतं. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.