सोमवारची शिकरण

"आज सोमवार न," शैलाने आधीच सांगून टाकलं. "माझा उपवास असते."

"माहीत आहे. म्हणूनच शिकरण करून राहिली मी," रत्नमाला म्हणाली आणि तिसरं केळं सोलू लागली.

हे शैलाच्या ध्यानीमनी नव्हतं. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर एकमधल्या या दोन क्वार्टरांची मधली भिंत एकच. तिच्यापलीकडून गेल्या दोन वर्षांत जितक्या वेळा बोलावणं आलं, तितके वार शैलाने उपवासाला वाहिले होते. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी, संकष्टी निराळ्या. रत्नमालेचं घर नागपूरला धम्मदीक्षा घेतलेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. शैला तसबिरींना नमस्कार करी, खुर्चीवर ऐसपैस बसे, हसे, बोले. फक्त खात नसे. बाकी आपण जुन्या विचारांच्या नाही, हे ती सगळ्यांना आपणहून सांगत असे.

आज मात्र येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कारखान्यातर्फे रशियाला शिकायला पाठवायच्या पाच जणांची नावं रत्नमालेचा नवरा, फोरमन विजयकुमार, कळवणार होता. शैलाचा नवरा शामसुंदर त्याच्याच हाताखाली चार्जमन. आठ महिने रशिया, परतल्यावर बढती, बढतीबरोबर मोठं क्वार्टर. शैलाने महिला मंडळात, सगळ्यांना दिसतील असे, लोकरीचे मोजे विणायलाही घेतले होते. यादीचा कागद समोर विजयकुमारच्या गुडघ्यावर होता. शामसुंदर मान खाली घालून आपल्या बुटांकडे पाहत होता.

रत्नमाला शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या हाताला मापाची सवय होती. केळ्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या पडल्या. त्यांवर साखर भुरभुरली. वेलची कुटून टाकली. वरून गार दूध ओतलं. पाच मिनिटांत चार वाट्या तयार झाल्या.

"केळी, दूध, साखर, वेलची," ती म्हणाली. "यातलं काय चालत नाही, सांगा."

शैला मनातल्या मनात एकेक वस्तू तपासू लागली. केळी सकाळी तिनेही खाल्ली होती. दूध जवळच्या उतई गावातल्या गवळ्याचं, मथुरा राऊतचं. तो दोन्ही दारांत एकाच कॅनमधून माप घालायचा. साखर एकाच रेशन दुकानातली. एकेक करत सगळं वजा झालं आणि बाकी उरले ते फक्त हात. ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

"आज निर्जळी आहे माझी," ती म्हणाली. "ह्यांच्या रशियासाठी नवस केला न."

"बरं, मग भाऊंना देते."

"ह्यांना?" शैला इतक्या जोरात म्हणाली, की शामसुंदरने बूट पाहणं सोडलं. "छे बाई! ह्यांचं पोट भारी नाजूक. बाहेरचा एक घास पचत नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात पंगतीतून उठले होते. माझ्या हातचं सोडून जन्मात काही खाल्लं नाही ह्यांनी. विचारा न!"

कोणी विचारलं नाही. विजयकुमारने खिशातून पेन काढलं.

"बरं झालं सांगितलं, वहिनी," तो म्हणाला. "तिथं आठ महिने मेसमध्ये खा लागते. मागच्या खेपेचा एक जण दुसऱ्याच महिन्यात पोट धरून वापस आला. साहेब लोकांनी मलेच धारेवर धरलं, असा माणूस काहून धाडला म्हणून." त्याने टोपण उघडून निब कागदावर टेकवली. तो शैलाकडे पाहत नव्हता. शिफ्ट सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्या माणसाची वाट पाहावी, तसा तो शामसुंदरकडे पाहत होता.

शैलाने निबेकडे पाहिलं. मोजे, मोठं क्वार्टर, महिला मंडळ, सगळं त्या निबेखाली आलं होतं.

"तिथलं चालते हो ह्यांना!" ती घाईघाईने म्हणाली. "तिथं थंडी किती असते! थंडीत सगळं पचते. अन् ते रशियन लोक... त्यांचं कसं, हात वगैरे एकदम स्वच्छ असतात."

रत्नमालेने वाटी टेबलावर ठेवली. आवाज होऊ दिला नाही. मग आपले दोन्ही हात उलटसुलट करून, वर्गातल्या मुलीची नखं तपासावीत तसे पाहिले, आणि पदराला पुसले.

"म्हणजे पोट माणूस पाहून बिघडते तर," विजयकुमार म्हणाला. "बोला, शामसुंदरराव. काय करू? काटू नाव?"

शामसुंदरने एकदा बायकोकडे पाहिलं. एकदा निबेकडे. मग हात लांब करून त्याने जवळची वाटी उचलली, तोंडाला लावली आणि चमच्याची वाट न पाहता रिकामी केली. लगेच शैलापुढची उचलली. शैला डोळे विस्फारून पाहत राहिली. तिच्या मनात एकच विचार आला, की नोकरीसाठी बिचाऱ्याला काय काय करावं लागतं, आणि घरी गेल्यावर त्याला आंघोळ घालायला हवी.

दुसरी वाटी खाली ठेवून शामसुंदरने मिशीवरचं दूध पुसलं.

"साहेब, कायले जीव घेता?" तो म्हणाला. "दोन वर्षं झाली, रोज दुपारी तुमच्याच डब्यात जेवून राहिलो. कधी आंबट ढेकर तरी आला का?"