नकाशातली खिडकी

"घरूनच काम करता ना, मग घराचा नकाशा द्या," करसल्लागार म्हणाले, "कामाची खोली रंगवून. तेवढ्या भागाचं भाडं खर्चात दाखवू. पण नकाशा बिनचूक हवा, नाहीतर सगळंच नामंजूर होईल." दुसऱ्यांची शेकडो घरं काढलेल्या आर्किटेक्टने स्वतःचं भाड्याचं घर अकरा वर्षांत पहिल्यांदाच कागदावर उतरवलं. टेप लावलाच नाही. राहतं घर तोंडपाठच असतं की. बायको हात पुसत येऊन कुतूहलाने पाहू लागली. कामाच्या खोलीवरून फिरत तिचं बोट स्वयंपाकघरापाशी थांबलं. "ओट्यासमोर हे काय काढलंस?" "खिडकी," तो म्हणाला. "ओट्यासमोर खिडकी नसलेलं स्वयंपाकघर मी आजवर कुणालाही दिलेलं नाही." "अस्सं," म्हणत तिने त्याला मनगट धरून ओट्यापाशी नेलं. समोर वाफेने पिवळी पडलेली सलग भिंत होती. तिने त्याचा तळहात भिंतीवर टेकवला. म्हणाली, "उघड बरं."