लाकडी हातोडा

आई गेल्यापासून बाबा एकटेच राहत होते. फोनवरचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, पण लेकीकडे यायला ते काही केल्या तयार नव्हते. “तिथे येऊन भिंती मोजू का?” गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करण्यात त्यांची हयात गेली होती. म्हणून लेकीने आपल्या घराच्या मागच्या खोलीतच कारखाना थाटला. रुळाच्या तुकड्याची ऐरण केली, पत्रा ठेवून ठोकायला कातडी पिशवीत वाळू भरली, लाकडी हातोडा तासला. मग बाबांना फोन लावला आणि मुद्दाम ऐरणीवर लोखंडी हातोड्याने अॅल्युमिनियमचा पत्रा बडवायला घेतला. “अगं ए, थांब!” आवाजावरूनच ओळखून बाबा कळवळले. “पत्र्याचा जीव घेशील. लाकडी हातोडा नाही का तुझ्याकडे?” तिने समोरचा नवाकोरा हातोडा हळूच खणात सरकवला. “नाही ना बाबा.” “विकत घेऊ नकोस,” बाबा खाकरले. “माझा घेऊन येतो.”