म्हातारी राणी निघाली

पेटीतून निम्म्या मधमाश्या उठल्या आणि अंगणातल्या जांभळीला घडासारख्या लटकल्या. सगुणाबाईंनी शांतपणे टोपली आणली. नवऱ्याचा मार खाऊन माहेरी परतलेली लेक दारात उभी होती. तिला पुन्हा सासरी सोडायला तिचा भाऊ शहरातून जीप घेऊन आला होता.

“बघ,” तो बहिणीला म्हणाला, “पेटीत नवी राणी झाली की तीच दुसरीकडे नांदायला जाते. लेकीनं जायचंच असतं, माश्यांनासुद्धा कळतं.”

सगुणाबाईंनी चाळीस वर्षं पेट्या सांभाळल्या होत्या. या पोरानं भीतीपोटी कधी झाकणही उचललं नव्हतं.

“ही म्हातारी राणी आहे,” त्या म्हणाल्या. “भरलं घर लेकीला ठेवते आणि निम्म्या माश्या घेऊन म्हातारीच बाहेर पडते.”

फांदी झटकून त्यांनी माश्या टोपलीत घेतल्या, वर फडकं बांधलं. कमरेच्या किल्ल्या सोडून लेकीच्या ओंजळीत ठेवल्या आणि गुणगुणणारी टोपली मांडीवर घेऊन जीपमध्ये पुढे बसल्या.

“कुणाला तरी न्यायलाच आलायस ना? चल. बायकोला फोन करून सांग, आई कायमची येतेय. आणि एकटी येत नाहीये.”