पाच वाकड्या ओळी

रविवार, दि. १४ जुलै २०२४, सकाळी १० वाजून १० मिनिटे: विजेवर चालणाऱ्या रिक्षातून पाच पाहुणे साखरशेत गावी गोदीच्या खाचरात भातलावणी अनुभवण्यासाठी उतरले. प्रत्येकाने एकेक ओळ लावली आणि जाताना सांगितले, "कापणीला नक्की येऊ."

ओळी ओढ्यासारख्या वळल्या होत्या. सोम्या त्यातले चूड, रोपांचे झुबके, उपटून पुन्हा लावायला वाकला, तेव्हा गोदीने नवऱ्याचा हात धरला.

"सरळ केल्या तं त्यांनी आपापली ओळ वळखायची कशी?"

ऑक्टोबरात सारे खाचर कापून झाले. त्या पाच ओळी तेवढ्या राहिल्या. सत्तावीस तारखेला सोम्याने विळा उचलला.

"गोदे, कसलाच आवाज नाय. कोण येत नाय आता."

"ती गाडी आवाज करते का कधी?"

दोघे बांधावर पोहोचले, तर रिक्षा तिथे उभी होती. चार पाहुणे कोणालाही न विचारता आपापल्या ओळीपाशी जाऊन बसले होते. पाचव्या, निशाताई, आल्या नव्हत्या.

चार ओळी कापून झाल्यावर गोदी पाचवीकडे वळली. या वेळी सोम्याने तिचा हात धरला.

"राहू दे. ताई येते बोलल्यात."

सायंकाळी खाचरात उभे असलेले भाताचे चूड: अडतीस.