शेवटची पाटी

शेवटची पाटी काही केल्या उन्मेषच्या मनासारखी होत नव्हती. खेळ उद्या दुपारी होता.

मूकपट शंभर वर्षांपूर्वीचा, त्याहून जुन्या एका गाजलेल्या दर्यावर्दी कादंबरीवरचा. त्याचे डबे नोव्हा स्कोशियातल्या एका चर्चच्या बेसमेंटमध्ये सापडले होते. कॅनडातल्या किचनर शहरातली सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून उन्मेष दोन विंटर ती फिल्म साफ करत बसला होता. ओरखडे पुसले, गहाळ झालेल्या संवादांच्या पाट्या कादंबरीतून उचलून नव्याने बसवल्या. सगळं छान जुळत गेलं. अडलं ते शेवटाशी.

कादंबरीत जहाजाचा आचारी वादळात पडतो, एक तरुण खलाशी त्याच्यामागे उडी घेतो आणि दोघंही सुखरूप घरी पोचतात. सिनेमात आचारी वर येतो, खलाशी मात्र हात हलवत, काहीतरी बोलत लाटांखाली जातो. संपलंच.

"जॉर्जिना, एक सांग," तो म्हणाला. "पानापानाला कादंबरीशी इमान राखणारा दिग्दर्शक शेवटी एकदम का फिरेल?"

जॉर्जिना मूळची वसईची. फिल्म क्लबचे खेळ तीच ठरवायची. लहानपणी तापात तिचे कान गेले होते, त्यामुळे तिच्याशी बोलताना उन्मेष खुर्ची वळवून समोर बसायचा.

"शेवट सांगू नकोस हं! मी उद्या हॉलमध्येच बघणार आहे."

"नाही सांगत. पण मला झोप नाही गं. पुढचं रीळ हरवलं म्हणावं, तर फिल्म कुठे कापलेली दिसत नाही. वॉटर्लू युनिव्हर्सिटीतले सिनेमाचे प्रोफेसर म्हणतात, युद्धात मुलगा गमावलेल्या दिग्दर्शकाने मुद्दाम बदललं. धाडसी शेवट म्हणे."

"मग तसंच असेल."

"पण कप्तानाचं काम करणारा नट त्याच वेळी सरळ कॅमेऱ्याकडे बघतो. इतका कसलेला नट! अशी चूक? तेवढा तुकडा काढून टाकू का?"

"काही काढू नकोस," ती म्हणाली. "जे आहे ते दिसू दे."

त्याने काढलं नाही. पाटी तेवढी लिहिली. कादंबरीत हा प्रसंगच नव्हता, त्यामुळे शब्द त्याचे स्वतःचे होते: 'गड्यांनो, सुखाने घरी जा. मला समुद्राने ठेवून घेतलं.'

रविवारी बर्फ पडत असूनही हॉल भरला. पियानोवाल्या बाईंनी वादळ असं काही उभं केलं की मागच्या रांगेतली कुजबुजही थांबली. आचारी वर आला. खलाशी लाटेवर दिसला, नाहीसा झाला, पुन्हा दिसला. त्याचं तोंड उघडत मिटत होतं. मग पाटी आली आणि कोणीतरी हुंदका दिला.

दिवे लागले तेव्हा सगळा हॉल उभा होता. टाळ्या थांबेनात. प्रोफेसरांनी उन्मेषचा हात दाबला, "कळलं ना आता, का बदललं ते?" उन्मेषने मान डोलावली. खरं म्हणजे त्याला अजूनही कळलं नव्हतं, पण इतक्या लोकांना रडू आलं म्हणजे शेवट बरोबरच असणार, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

जॉर्जिना तेवढी बसून होती. चेहरा पांढरा पडलेला. उन्मेष तिच्यासमोर वाकला.

"काय झालं?"

"ती पाटी तू लिहिलीस?"

"हो. नाही आवडली?"

"पण तो असं काही म्हणतच नाहीये, उन्मेष."

"मग काय म्हणतोय?"

तिने एकदा कोऱ्या पडद्याकडे पाहिलं.

"तो म्हणतोय, 'कॅमेरा बंद करा. दोर तुटलाय. अरे, खरंच तुटलाय.'"